दिवसपाळी

साडेआठला पाच मिनिटं कमी असताना ऑपरेटर रजिस्टर मिटतो आणि पॅनेलसमोर येऊन उभा राहतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वैजापूर-गंगापूर पट्ट्यातलं हे ३३/११ केव्हीचं उपकेंद्र. बाहेर खडी टाकलेल्या यार्डात पॉवर ट्रान्सफॉर्मरची घरघर चालू आहे. आत एका ओळीत पॅनेलं उभी आहेत: गावठाण, एजी-१, एजी-२ आणि टोकाला, रंग अजून नवा असलेलं, सोलर. एजी म्हणजे शेतीचे फीडर. गावठाणच्या फीडरवर घरं, पिठाची गिरणी, दवाखाना. तिथं रात्रंदिवस वीज असते. एजीला आठ तास.

घड्याळ बघून तो एजी-१ चा ब्रेकर चढवतो. खाडकन आवाज होतो. अँपिअरचा काटा शून्यावरून उसळतो, थरथरतो आणि जरा मागे येऊन थांबतो. तेवढ्यात आसपासच्या शिवारातल्या शेकडो मोटारी एकदम सुरू झालेल्या असतात. पुष्कळ शेतकऱ्यांनी स्टार्टरला ऑटो स्विच बसवलेला असतो. थ्री फेज आली की मोटर आपोआप उचलते, विहिरीवर माणूस असो वा नसो. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. सगळ्या एकाच वेळी उठल्या की व्होल्टेज बसतं, मोटारी अडखळतात आणि अडखळलेली मोटर आणखी करंट मागते. गावातली डीपी, म्हणजे मोटारींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळते ती पुष्कळदा अशाच वेळी. ऐन गव्हाच्या पाण्यात डीपी गेली की दुसरी बसेपर्यंतचे दिवस कसे जातात, ते ज्याचं पीक असतं त्यालाच ठाऊक.

त्या सकाळी एजी-२ चा ब्रेकर दोन मिनिटांत पडला. ऑपरेटरनं घाई केली नाही. रिलेवर कसली खूण आलीय ते आधी पाहिलं: ओव्हरकरंट. अर्थ फॉल्ट असता तर कुठं तरी तार तुटून जमिनीला लागल्याची शक्यता, आणि मग वायरमन लाइन फिरून येईपर्यंत ब्रेकरला हात लावायचा नाही. त्या तारेजवळ गुरं असतील, एखादं पोर असेल. त्यानं वायरमनला फोन करून लाइनवर कुणी काम करत नसल्याची खात्री केली, थोडं थांबला, पुन्हा ब्रेकर चढवला. या वेळी काटा टिकला. वेळ, कारण, रिडिंग असं सगळं रजिस्टरमध्ये गेलं. तेवढ्यात फोन.

“भाऊ, लाइट गेली होती का?”

“आली काका. बघा आता. आणि तो ऑटो काढून टाका ना, दिवसाच तर आहे आता.”

हे शेवटचं वाक्य माझ्या मनात राहिलं. ऑटो स्विच आला तो रात्रीच्या विजेमुळे. शेतीला चक्राकार पद्धतीनं वीज मिळायची, काही दिवस दिवसा आठ तास, मग रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की बारा-एकला उठून, बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला जायचं. वाफा भरला की दार मोडायचं, पुढचं धरायचं. चिखलात अनवाणी, थंडीत कुडकुडत. साप, विंचू हे नेहमीचेच. जुन्नर-शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात तर बिबट्याच्या भीतीनं लोकांनी दिवसा वीज द्या म्हणून वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. ज्याला रोज रात्री जाणं झेपत नव्हतं, त्यानं ऑटो बसवला आणि पाणी जाईल तिकडं जाऊ दिलं.

रात्रीच का? कारण रात्री वीज उरायची. कोळशाचे संच रात्री बंद करून पहाटे पुन्हा पेटवता येत नाहीत; ते कमीत कमी भारावर चालूच ठेवावे लागतात. शहरं झोपलेली, अनेक कारखान्यांची पाळी संपलेली, तेव्हा ही वीज कुणाला तरी द्यायला हवी. शेतकरी नाही म्हणू शकत नव्हता. शेतीच्या वाट्याला कायम उरलेली वीज आली.

आता टोकाचं चौथं पॅनेल बघू. उपकेंद्रापासून दीडेक किलोमीटरवर, जिथं पूर्वी हलकी मुरमाड जमीन पडून होती, तिथं सौर पॅनेलच्या रांगा उभ्या आहेत. सकाळी गेलो तर दोन बाया लांब दांड्याच्या पुसण्यानं काचा पुसत होत्या. या भागातली धूळ बारीक आणि चिकट. थर बसला की वीज घटते. ऊन तापायच्या आत काम उरकायचं, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर ती तडकू शकते. रांगांच्या कडेला इन्व्हर्टर. त्यांच्यातून निघालेली वीज ट्रान्सफॉर्मरनं ११ केव्हीला चढते आणि तारेवरून सरळ उपकेंद्राच्या त्याच बसबारवर येते, ज्यावरून एजीचे फीडर निघतात. दूरच्या औष्णिक केंद्रातून आलेली वीज वाटेत थोडी थोडी गळत येते. ही तिथंच तयार होऊन तिथंच खपते. ५ एचपीची मोटर धरली तर अशा ३ मेगावॉटच्या प्रकल्पावर, भर उन्हात, हिशेबानं आठशेच्या आसपास मोटारी चालाव्यात.

असे प्रकल्प ज्या योजनेतून उभे राहतात, ती मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये जाहीर झाली. राळेगणसिद्धीला तिचा पहिला प्रयोग झाला. २०२३ मध्ये दुसरा टप्पा आला आणि त्याचं लक्ष्य पुढे १६,००० मेगावॉटपर्यंत वाढवलं गेलं. त्या टप्प्यातला राज्यातला पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये याच वैजापूर तालुक्यात, धोंदलगावला सुरू झाला, ३ मेगावॉटचा. जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. वीज पडते युनिटला तीन रुपयांच्या आसपास.

अकरा वाजता मी पुन्हा पॅनेलसमोर उभा होतो. सोलरचं रिडिंग चढत होतं आणि ३३ केव्हीच्या इनकमरवरचा भार त्याच बेतानं उतरत होता, म्हणजे बाहेरून घ्यायची वीज कमी होत होती. एजी चालू, गावठाण चालू, आणि तरी वरून जवळपास काही घ्यावं लागत नव्हतं. जून २०२५ मध्ये देशाच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-वायूशिवायची झाली. तयार होणाऱ्या विजेत मात्र कोळशाचाच वाटा अजून सर्वांत मोठा आहे. क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांमधलं हे अंतर कसं कापायचं, त्याचं एक उत्तर इथं डोळ्यांसमोर घडताना दिसतं. सूर्य आपल्या वेळापत्रकानं चालत नाही, तेव्हा भारच त्याच्या वेळेला न्यायचा. बल्ब, फ्रिज, दवाखान्याचं यंत्र असं हलवता येत नाही. पाण्याची मोटर येते. आणि तिचा फीडर आधीच वेगळा केलेला असल्यामुळे एका ब्रेकरनं येते.

ढग आला तर? ऑपरेटर म्हणाला, पावसाळ्यात रिडिंग मिनिटाभरात पार खाली येतं, तेव्हा सगळा भार पुन्हा इनकमरवर. म्हणजे मागे उभं असलेलं कोळशाचं आणि कोयनेसारख्या जलविद्युतचं बळ अजून लागतंच. दुसरी काळजी मला जास्त वाटते. वीज दिवसा, आणि साडेसात एचपीपर्यंत बिल माफ, तर उपसा वाढणार. या पट्ट्यात विहिरी मार्चमध्येच तळ दाखवतात. ठिबक आणि पिकाची निवड यांचा विचार सौर फीडरसोबतच व्हायला हवा. तो मला कुठं होताना दिसला नाही.

दुपारी एका विहिरीवर गेलो. कांद्याला पाणी चाललं होतं. साठीच्या घरातले बाबा दारं धरत होते आणि सून, मुलगा दोघंही तिथंच होते. “रात्री ही नव्हती येत पाण्याला, मीच यायचो,” बाबा म्हणाले. “आता कुणीबी येतं.” कुठला वाफा तुंबतोय, कुठं पाणी वाया जातंय, हे उजेडात दिसतं. पाणी कमी लागतं, असं त्यांचं म्हणणं. मोजून नाही, पण चाळीस वर्षांच्या अंदाजानं सांगितलेलं.

शेतीला आज मिळणारी ही दुपारची वीजही एका अर्थानं उरलेलीच आहे. भर उन्हात देशात सौर वीज जास्त होऊ लागली. राजस्थानात ती वाहून न्यायला लाइनी अपुऱ्या पडल्या म्हणून प्रकल्पांना उत्पादन कमी करावं लागलं. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी दिवसाच्या आठ सौर तासांचा दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितलं, म्हणजे कारखान्यांनीही दुपारी वीज वापरावी. बॅटऱ्या स्वस्त होत आहेत. दुपारची वीज साठवून संध्याकाळी शहराला विकणं परवडू लागेल, तेव्हा ती उरणार नाही. तेव्हा शेतीची पाळी पुन्हा रात्रीवर ढकलायचा मोह होईल, आणि तसं करायला एक परिपत्रक पुरेल.

सौर प्रकल्प उभारणाऱ्याशी वीजखरेदीचा करार २५ वर्षांचा असतो. कंपनीला दर ठाऊक, मुदत ठाऊक. म्हणूनच बँक कर्ज देते. शेतकऱ्याच्या हातात मात्र वेळापत्रक असतं, आणि ते बदलतं. ज्या फीडरसाठी प्रकल्प उभा राहिला, त्या फीडरला दिवसा आठ तास थ्री फेज, तीही त्या २५ वर्षांसाठी, ही अट वीज नियामक आयोगानं लेखी घालावी. ती मोडली तर शेतकऱ्याच्या खात्यावर भरपाई जमा व्हावी, अर्ज न करता. उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये ब्रेकर कधी चढला आणि कधी उतरला ते मिनिटानिशी लिहिलेलं असतंच.