पार्ट खराब की फिटिंग?

भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरहून नागपूरकडे निघालं की गाडी लगेच पाचव्या गिअरला लागते. हा पूर्वीचा ६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, आताचा ५३. रायपूर-कोलकात्याकडची जड वाहतूक रात्रंदिवस याच रस्त्यानं जाते. ट्रकच्या रांगेतून बाहेर पडून साठच्या पुढे गेलो की माझ्या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकातून घुं-घुं असा आवाज यायचा. उजवीकडे वळताना तो वाढायचा, डावीकडे वळताना जवळपास थांबायचा. डाव्या चाकाचं बेअरिंग गेल्याची ही नेहमीची खूण, कारण उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकावर येतं.

खरी अडचण वेगळी होती. ते बेअरिंग बदलून तीन आठवडेही झाले नव्हते.

मी गॅरेजला परत गेलो. मिस्त्री ओळखीचे. रात्री अकराला फोन केला तरी येतील असे. त्यांनी चाक हातानं फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "माल वरूनच तसा आला जी, आपल्या फिटिंगमधी काही नाही." पार्ट त्यांनी नागपूरहून मागवला होता. तिथल्या दुकानदाराला फोन केला, तर त्यानं उलट सांगितलं, "पार्ट ओके आहे, फिटिंगमध्ये मार बसला असेल." दोघंही ठामपणे बोलत होते आणि मी मध्ये उभा होतो. गाडीचा पार्ट बदलल्यावर बिघाड झाला की जवळजवळ प्रत्येक ग्राहक याच जागी येऊन अडकतो. पैसे किती गेले, चूक मोठी की छोटी, हे प्रश्न नंतरचे. आधी ठरवावं लागतं की पार्ट खराब होता की फिटिंग. त्याचं उत्तर बोलण्यातून मिळत नाही. ते काढलेल्या लोखंडावर लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा तेच लोखंड सगळ्यात आधी भंगारात जातं.

हे लोखंड कसं वाचायचं, ते थोडं सविस्तर सांगतो. माझ्या गाडीतलं बेअरिंग दाबून बसवायचं होतं. अशा बेअरिंगला एक बाहेरची कडी असते आणि एक आतली, दोन्हींच्या मध्ये गोळ्या. गॅरेजमध्ये या कड्यांना 'रेस' म्हणतात. बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी भागात, बसवताना दाब बाहेरच्या रेसवरच द्यायचा असतो. आतल्या रेसवर दाब दिला, किंवा प्रेस नाही म्हणून हातोडा आणि पाइपचा तुकडा वापरला, तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो. गोळ्या रेसमध्ये रुततात आणि जिथे जिथे गोळी होती तिथे बारीक खळगा पडतो. गाडी त्या दिवशी बिनआवाज घरी येते. काहीशे किलोमीटरनंतर त्या खळग्यांचे काठ सुटू लागतात आणि घुंघुं सुरू होते.

म्हणून रेसवर गोळ्यांच्या अंतराइतक्याच सारख्या अंतरानं खळगे दिसले, तर संशय फिटिंगवर जातो. तसे खळगे नसून एकाच जागी पापुद्रे सुटले असतील, किंवा गोळ्यांची झीज वेडीवाकडी असेल, तर पार्टच कच्चा असण्याची शक्यता वाढते. मात्र काढतानाही बेअरिंगला मार बसतो, आणि त्या मारानंही खळगे पडतात. फरक ओळखायला बारीक नजर लागते. काढताना पडलेला खळगा ताजा आणि स्वच्छ असतो, त्याच्यावरून गोळी फिरल्याचा पट्टा गेलेला नसतो. त्यामुळे बेअरिंग कोण काढतो, कसं काढतो आणि त्या वेळी समोर कोण उभं असतं, याला महत्त्व आहे.

आणखी एक खूण. एबीएस असलेल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय कडं असतं आणि त्यावरून सेन्सर चाकाचा वेग मोजतो. बेअरिंग उलटं बसलं की सेन्सरला काहीच दिसत नाही आणि मीटरमध्ये एबीएसचा दिवा पेटून राहतो. बेअरिंग बदलण्याआधी तो दिवा नसेल आणि बदलल्यावर लगेच लागला असेल, तर पार्टला दोष देण्याआधी बाजू तपासायला हवी.

आता पार्टच्या प्रकारांबद्दल. 'आफ्टरमार्केट' म्हणजे डुप्लिकेट, असं आपल्याकडे सरसकट बोललं जातं. ते चुकीचं आहे. गाडी कंपनीच्या डब्यातला पार्ट हा एक प्रकार. गाडी कंपनीला पार्ट पुरवणारा कारखाना तोच पार्ट स्वतःच्या नावाच्या डब्यात बाजारात विकतो, हा दुसरा. तिसऱ्याच कंपनीनं त्या मापाचा बनवलेला, स्वतःच्या नावानं विकलेला पार्ट हा तिसरा. तो चांगलाही असू शकतो. दुसऱ्याच्या नावाचा डबा छापून विकलेला माल म्हणजे डुप्लिकेट, आणि तोच फसवणुकीचा. बेअरिंग बदलायला सांगताना यांपैकी कुठला पार्ट टाकणार, हे मी विचारलंच नाही. डबाही पाहिला नाही. ती माझी चूक होती.

कायद्याच्या बाजूनं पहिला प्रश्न असा असतो की पार्ट कोणी आणला. गॅरेजनंच पार्ट आणून बसवला आणि दोन्हींचे पैसे घेतले, तर ग्राहकासाठी जबाबदार एकच माणूस आहे. पार्ट खराब निघाला तर गॅरेजवाल्यानं दुकानदाराशी भांडावं, ग्राहकानं नव्हे. पण पार्ट तुम्ही स्वतः नागपूरहून किंवा ऑनलाइन आणून मिस्त्रीच्या हातात दिलात, तर जबाबदारी दोघांत वाटली जाते आणि दोघांनाही एकमेकांकडे बोट दाखवायला वाव मिळतो. पाच-सातशे रुपये वाचवायला आपण पार्ट स्वतः आणतो. ते पैसे खरे कुठे जातात, ते अशा वेळी कळतं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटी यांच्या वेगळ्या व्याख्या आहेत. गॅरेजच्या भांडणात बहुतेकदा दोन्ही लागतात. दोन तरतुदी मला गॅरेजच्या दारात उभं असतानाच माहीत असायला हव्या होत्या. विकलेल्या मालाचं किंवा दिलेल्या सेवेचं बिल न देणं, ही कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला किंवा त्रुटीच्या सेवेचे पैसे परत द्यायला नकार देणं, हीसुद्धा. बिलात मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत आणि नसेल तर ३० दिवसांत ते करावं लागतं. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी भिंतीवर लावली म्हणून हे कर्तव्य सुटत नाही.

ब्रेक किंवा स्टिअरिंगचा पार्ट तुटून माणसाला इजा झाली, तर गोष्ट फक्त दुरुस्तीच्या खर्चापुरती राहत नाही. त्यासाठी याच कायद्यात उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे. बनवणाऱ्याचं नावच माहीत नसलेला पार्ट ज्यानं विकला, तो विकणाराच त्यात जबाबदार धरला जाऊ शकतो. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, नावाशिवाय मिळणारे ब्रेक पॅड विकणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

आणखी एक मुद्दा आमच्या भागाशी संबंधित आहे. महामार्गाच्या कडेला एकच टॅक्सी किंवा पिकअप घेऊन स्वतः चालवणारे पुष्कळ आहेत. 'धंद्याची गाडी, म्हणून ग्राहक मंच नाही' असं त्यांना सांगितलं जातं. कायदा व्यापारी हेतूसाठी घेतलेल्या वस्तू आणि सेवांना वगळतो, हे खरं. पण स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरण्यासाठी वस्तू विकत घेऊन वापरणं हा त्या कायद्यात व्यापारी हेतू धरला जात नाही. एकुलत्या गाडीवर घर चालवणाऱ्यानं हा हक्क सोडून देऊ नये.

आता गाडी अडवण्याबद्दल. बिलावरून वाद झाला की गॅरेजवाला किल्ली देत नाही. त्याला तसा अधिकार मुळीच नाही, असं नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, ठेवलेल्या वस्तूवर श्रम आणि कौशल्य वापरून काम करणारा त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत ती वस्तू रोखून ठेवू शकतो. कायद्यानंच उदाहरण दिलंय, पैलू पाडायला आणि पॉलिश करायला दिलेल्या हिऱ्याचं. पण काम ज्यासाठी दिलं होतं त्याप्रमाणे झालेलं असावं लागतं. न सांगितलेल्या कामाचे पैसे काढायला हा हक्क नाही. हातघाईवर येण्यापेक्षा मला एक साधी वाट पटते. पैसे द्या, पण बिलाच्या खाली 'हरकत राखून पैसे दिले' असं लिहून, तारीख आणि सही घालून त्याची प्रत घ्या. गाडी हातात येते आणि तक्रार जिवंत राहते.

'बाहेर काम केलं की कंपनीची वॉरंटी संपली' हे वाक्य अनेक वर्षं छापील असल्यासारखं ऐकवलं गेलं. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. सुट्या भागांची आणि दुरुस्तीच्या माहितीची वाट त्यांनी खुल्या बाजाराला बंद ठेवली, हा ठपका होता. त्या आदेशात वॉरंटीविषयीही स्पष्ट सांगितलंय. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं एवढ्याच कारणानं सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामानं जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. आदेश पुढे अपिलात गेला आणि काही कंपन्यांचा दंड कमीही झाला. पण आमच्या गावाकडच्या मिस्त्रींच्या बाजूनं दिल्लीत उभा राहिलेला हा युक्तिवाद मला मोठा वाटतो. त्यांच्यावरचा अविश्वास त्यांच्या हातापेक्षा त्यांच्यापर्यंत न पोचलेल्या मॅन्युअलमुळे जास्त आहे.

तक्रार अधिकृत सर्व्हिस सेंटरची असेल तर कोणावर करायची, हे आधी ठरवावं. गोव्यातल्या एका ग्राहकाला नव्या गाडीच्या पैशांत ६२२ किलोमीटर चाललेली जुन्या सालची गाडी मिळाली होती. सर्वोच्च न्यायालयानं १८ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यात टाटा मोटर्सला मोकळं केलं. डीलरच्या कृत्याची माहिती कंपनीला होती असं सिद्ध झाल्याशिवाय तिला जबाबदार धरता येत नाही, हे त्यातलं सूत्र. ज्यानं गाडी प्रत्यक्ष खोलली, त्याचं नाव तक्रारीत असायलाच हवं.

जिल्हा ग्राहक आयोग भंडाऱ्याला आहे. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगात येतात. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे गॅरेज नागपूरचं असलं तरी शहापूरच्या माणसाला नागपूरला जावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची. आधी लेखी नोटीस पाठवावी. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन केला तर कित्येकदा आयोगापर्यंत जाण्याची वेळ येत नाही. आयोगातही मध्यस्थीची सोय आहे.

तरीही तक्रारी फेटाळल्या जातात, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे पुरावा नसणं. 'बेअरिंग खराब होतं' हे तक्रारदाराचं मत झालं. ज्या दोषाला तपासणी लागते, तिथे आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण वस्तू तर हवी. म्हणून काढलेला जुना पार्ट आणि नव्या पार्टचा डबा, दोन्ही त्याच दिवशी मागून घ्या. नंतर बिघाड झाला तर दुसऱ्या मिस्त्रीला गाडी लगेच खोलू देऊ नका. पहिल्या गॅरेजला लेखी कळवा, येऊन पाहण्याची तारीख द्या. ते आले नाहीत तर विमा सर्वेक्षणाचा परवाना असलेल्या मोटार सर्व्हेयरकडून अहवाल घ्या आणि मगच खोला. एकदा दुसऱ्याचा पाना लागला की पहिला म्हणणार, बिघाड त्यानं केला. त्याचं म्हणणं खोडून काढायला हातात काही उरत नाही.

मी आयोगाकडे गेलो नाही. गाडी भंडाऱ्याच्या एका वर्कशॉपमध्ये नेली, जिथे हायड्रॉलिक प्रेस आहे, आणि आमच्या मिस्त्रींना म्हटलं, "तुम्हीही चला, तुमच्या समोरच काढू." ते आले. हब दाबून काढला, तशी आतली रेस त्याच्यावर अडकून बाहेर आली. मिस्त्रींनीच ती डिझेलमध्ये धुतली आणि उन्हात धरली. खळगे होते, सारख्या अंतरावर, आणि त्यांच्यावरून गोळ्या फिरल्याचा काळसर पट्टा गेलेला. ते बराच वेळ रेस फिरवून पाहत राहिले. मग म्हणाले, "प्रेसचं सील गेलं होतं जी तेव्हा. मी ठोकूनच बसवलं."

हे कबूल करणं त्यांना किती जड गेलं असेल, ते मला माहीत आहे. कायद्यानं त्यांच्याकडून पार्ट आणि मजुरी दोन्ही मागता आली असती. मी मजुरीच सोडायला सांगितली, पण नव्या बेअरिंगचे पैसे त्यांनीच दिले, मी नको म्हणत असतानाही. या वेळी डबा माझ्यासमोर उघडला, चुंबकीय बाजू आत ठेवली आणि बेअरिंग प्रेसवर बाहेरच्या रेसवर दाबून बसवलं. गॅरेजला परत आल्यावर त्यांनी बिलबुक शोधलं. तारीख घातली, गाडीचा नंबर, मीटरवरचे किलोमीटर, डब्यावरचा पार्ट नंबर. मी काही म्हणायच्या आत त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली, 'सहा महिन्यांत आवाज आल्यास फुकट पाहून देऊ', आणि सही केली.