हत्तींना मज्जाव असलेला तलाव

आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे सिंगापूरला आले, तेही चांगले दीड महिन्यासाठी. पहिले चार दिवस मजेत गेले. मग बाबा बाविसाव्या मजल्यावरच्या खिडकीत बसून खालच्या गाड्या बघत राहू लागले. पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर म्हणून आयुष्यभर तलाव-बंधाऱ्यांवर उन्हातान्हात फिरलेला माणूस. इथे त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. मी दिवसभर लॅपटॉपसमोर. एका रात्री जेवताना म्हणाले, "माझं तिकीट जरा अलीकडचं मिळतं का बघ."

मी तिकीट बघितलं, पण कंबोडियाचं. लाँग वीकेंडला तिघंही अंगकोरला गेलो. अंगकोर वाटमधलं भिंतभर कोरलेलं समुद्रमंथन बघून आई हरखली. बाबा "छान आहे" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे टुकटुकवाल्याने आम्हाला सूर्योदयासाठी स्राह स्रांगला नेलं. हा राजाचा स्नानाचा तलाव. बांतेय क्देई मंदिराच्या समोरच, 700 मीटर लांब आणि 350 मीटर रुंद. "म्हणजे साठ एकर," बाबा लगेच म्हणाले. त्या आठवड्यातलं त्यांचं ते पहिलं उत्साहाचं वाक्य!

घाटावर नागाचे कठडे, नागावर स्वार झालेला गरुड, पायऱ्यांपाशी दोन सिंह. आई पायरीवर हात फिरवत म्हणाली, "अरे, हा तर आपल्याकडचा चिरा!" तिचं माहेर रत्नागिरीचं. खरंच, घाट जांभ्या दगडाचा होता.

पण घाट नंतरचा. मूळ तलाव खोदला गेला दहाव्या शतकाच्या मध्यात, राजेंद्रवर्मन राजाच्या काळात. खोदवून घेणारा राजाचा बौद्ध मंत्री, नाव कवींद्रारिमथन. (नावाचा अर्थ आपल्याला डिक्शनरीशिवाय लागतो, याची परदेशात फार गंमत वाटते.) पुढे 1200 च्या सुमारास सातव्या जयवर्मनने तलाव नव्याने बांधून काढला आणि पश्चिमेला हा घाट केला. मध्यभागी एक छोटं मंदिर होतं, आता नुसता चौथरा उरलाय. 1960 च्या दशकात फ्रेंच संशोधकांना काठाजवळ जुनी दफनभूमीही सापडली.

मी फोनवर वाचून दाखवत होतो. याच मंत्र्याचे संस्कृत शिलालेख जवळच्या बात चुम या विटांच्या मंदिरात आहेत. त्यातला आशय असा, की हे पाणी सगळ्या प्राण्यांसाठी आहे, फक्त बांध फोडणाऱ्यांसाठी नाही. बांध फोडणारे म्हणजे हत्ती.

बाबा मोठ्याने हसले. "आमच्याकडे म्हशी होत्या!"

मग थांबलेच नाहीत. पाझर तलावाच्या भरावावर म्हशी चढल्या की पिचिंगचे दगड कसे निखळतात, पावसाचं पाणी त्या खाचेतून कसं शिरतं, म्हशी हाकलल्या म्हणून गावाने त्यांच्याशी दोन महिने अबोला कसा धरला होता. तीस वर्षांत यातलं मी काहीच ऐकलं नव्हतं. ऐकायला घरी थांबलो होतो कुठे?

जवळच पूर्व बारायचं पात्र आहे. लांबी साधारण साडेसात किलोमीटर, रुंदी पावणेदोनच्या पुढे. एवढा प्रचंड जलाशय, आज तिथे भातशेती. "गाळ," बाबा म्हणाले. "मोठा तलाव बांधायला राजा असतो रे, गाळ काढायला कुणी नसतं." धाकटा स्राह स्रांग मात्र अजून पाणी धरून आहे. गुडघे दुखत असूनही बाबा त्याच्या काठाने बरंच लांब चालून आले. सूर्योदयाचा एकही फोटो कुणी काढला नाही.

सिंगापूरला परतल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या नळाला पाणी कुठून येतं?" आठ वर्षं राहतोय मी इथे, पण धड सांगता येईना. शनिवारी दोघं मरीना बॅरेजवर गेलो. दरवाजे बघत बाबा तासभर तिथेच उभे होते. तिकिटाचा विषय परत निघालेला नाही. या शनिवारी मॅकरिची जलाशय ठरलाय, आई डबा करणार आहे.