दंतवैद्यकाची प्रवेशपरीक्षा काय सांगते?

अमेरिकेत दंतवैद्यकाच्या प्रवेशासाठी ‘डॅट’ ही परीक्षा द्यावी लागते. विज्ञान, गणित, उताऱ्यांचे आकलन आणि आकृत्यांची पारख हे तिचे भाग. पूर्वी उमेदवारांना खडूच्या कांडीतून दिलेल्या मापाचा आकार कोरून दाखवावा लागे. १९७०च्या दशकात ही चाचणी मागे पडली. त्याऐवजी कोनांची तुलना करणे, घडी घालून छिद्रे पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते ओळखणे, असे प्रश्न आले.

अभ्यासांनुसार या परीक्षेतील गुणांचा सुरुवातीच्या वर्षांतील शास्त्रविषयांशी बऱ्यापैकी मेळ बसतो. प्रत्यक्ष रुग्णांवरील कामाशी मात्र कमी. एक कारण संख्याशास्त्रीय आहे. प्रवेश बहुधा चांगले गुण असलेल्यांनाच मिळतो. त्यामुळे वर्गात गुणांचा फरक थोडाच उरतो आणि त्यावरून भाकीत करणे अवघड जाते. शिवाय चिकाटी, हाताची सफाई आणि रुग्णाला धीर देण्याची हातोटी लेखी परीक्षेत उतरत नाही.

आपल्याकडे बीडीएसचा प्रवेश ‘नीट’च्या ७२० गुणांवर ठरतो, त्यात हस्तकौशल्याची चाचणी नाही. म्हणून विद्यार्थ्यांनो, प्रवेशाच्या गुणांवर विसंबू नका. पहिल्या वर्षी मेणातून दात कोरण्याचा सराव मनापासून करा.