आठ रोजकिर्दी, एक खतावणी

नायगावहून वसई रोडकडे लोकल निघाली की रुळांच्या कडेला मिठागरं दिसतात. वाफ्याला वाफा लागून असतो, तरी प्रत्येकाला स्वतःचा बांध. उमेळ्यात राहून मी जे काम करते त्याचं मर्म मला त्या बांधांनीच समजावलं. काम असं: कंपाइल होऊन तयार झालेल्या शेकडो फायलींमधून डीबगिंगची माहिती वेगळी काढायची, तीही शेल स्क्रिप्टने आणि एकाच वेळी अनेक फायलींवर.

प्रोग्रॅम कोसळला की मागे कोअर डंप उरतो, म्हणजे त्या क्षणीच्या स्मृतीची प्रत. त्यात पत्ते असतात. कोणता पत्ता कोणत्या फंक्शनचा, कोणत्या ओळीचा, हे कळायला कंपायलरने लिहिलेली डीबग माहिती लागते. ती प्रोग्रॅमच्या एल्फ रचनेच्या फायलीतच ड्वार्फ नावाच्या पद्धतीने साठवलेली असते. बुटक्यांच्या आणि पऱ्यांच्या गोष्टींतली ही जोडी मुद्दामच जुळवलेली आहे. ही माहिती अनेकदा मूळ प्रोग्रॅमहून कितीतरी जड भरते. म्हणून ग्राहकाला देताना ती 'स्ट्रिप' करून काढतात आणि वेगळी जपून ठेवतात. दोघांची गाठ पुन्हा पडावी म्हणून दोन्हींत एकच बिल्ड-आयडी असतो, सहसा चाळीस षोडशमान अंकांचा. आता डीबगइन्फोडी नावाचा सर्व्हर बिल्ड-आयडी सांगितला की नेमकी ती माहिती पाठवून देतो.

या कामाला लागणारी हत्यारं जुनी आहेत. युनिक्समध्ये पाइप आला १९७३ साली, डग मॅक्इलरॉय यांच्या आग्रहाने. स्टुअर्ट फेल्डमन यांचं 'मेक' १९७६चं, बॉर्न शेल १९७९चं, 'जीडीबी' हा डीबगर १९८६चा, बॅश १९८९चं. त्या काळात बहुतेक यंत्रांत एकच प्रोसेसर असे, त्यामुळे फायली एकामागून एक घेण्यात कुणाचं नुकसान नव्हतं. आज साध्या लॅपटॉपमध्येही आठ कोअर असतात. 'फाइंड'ने फायली शोधून 'एक्सआर्ग्ज'ला 'एन एक' (प्रत्येक कामाला एकच फाइल) आणि 'पी आठ' सांगितलं की आठ कामकरी एकदम चालू होतात. इथवर सगळं एका ओळीत बसतं. कठीण भाग याच्या पुढे आहे, आणि तो मी माझ्या चुकीतून शिकले.

एका नोकरीत मी हजाराच्या वर लायब्ररींमधून 'एनएम'ने फंक्शनांच्या याद्या काढत होते, आठ कामकरी बॅशमधून पार्श्वभूमीला सोडून. प्रत्येक यादी आधी तात्पुरत्या फायलीत, मग क्रमाने लावून आपल्या जागी. तात्पुरत्या फायलीच्या नावात मी दोन डॉलर चिन्हं घातली होती. त्यातून शेलचा प्रोसेस क्रमांक मिळतो, तेव्हा नाव वेगळं पडणारच, असं मी धरून चालले. पण बॅशमध्ये पार्श्वभूमीला सोडलेल्या कामातही त्या चिन्हांतून मूळ शेलचाच क्रमांक येतो. आठही कामकरी एकाच फायलीत लिहीत होते. चूक दरवेळी होत नसे, हे त्यातलं सर्वांत वाईट. एका लायब्ररीच्या नावाने दुसरीची यादी जमा झाली, आणि ग्राहकाकडचा प्रोग्रॅम कोसळला तेव्हा आमचा शोध दोन दिवस भलत्याच फंक्शनमागे फिरला. दुरुस्ती एका शब्दाची होती: दरवेळी वेगळ्या नावाची तात्पुरती फाइल देणारं 'एमकेटेम्प'.

हाच प्रश्न नीट सोडवलेला पाहायचा असेल तर आरपीएममधली 'फाइंड-डीबगइन्फो' ही स्क्रिप्ट वाचावी. फेडोरा, रेड हॅटसारख्या लिनक्सांची पॅकेजं बांधताना डीबग माहिती वेगळी काढण्याचं काम ती करते. आधी ती एकामागून एक फायली घेई. आरपीएमच्या २०१७मधल्या ४.१४ आवृत्तीत तिला अनेक कामकरी लावता येऊ लागले. त्यातली वाटणी मला फार आवडते. फायलींना क्रमांक देतात, सगळ्या क्रमांकांची रुंदी सारखी ठेवतात आणि ते एका पाइपमध्ये सोडतात. मोकळा होईल त्या कामकऱ्याने पुढचा क्रमांक उचलायचा. उचलण्यासाठी शेलचं 'रीड' नाही, 'डीडी' वापरलं आहे. कारण 'रीड' पाइपमधून एकेक बाइट वाचतं. अर्धा क्रमांक एकाने आणि अर्धा दुसऱ्याने नेला तर दोघांच्याही हाती भलतंच लागेल. 'डीडी' ठरलेल्या रुंदीचा घास एकदम घेतं.

आणि प्रत्येक कामकऱ्याची रोजकीर्द वेगळी! सोर्स फायलींची यादी जो तो आपल्या क्रमांकाच्या फायलीत लिहितो. सगळे थांबले की त्या याद्या जोडून एक खतावणी होते. एकाच फायलीची दोन नावं असतील, म्हणजे हार्ड लिंक असेल, तर त्यातलं एकच नाव कामाला घेतात, नाहीतर दोघे एकाच फायलीवर सुरी चालवतील. २०२१मध्ये ही स्क्रिप्ट आरपीएममधून निघून डीबगएडिट या स्वतंत्र प्रकल्पात गेली.

ज्याची त्याची वही हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झालं आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. त्यात ट्रान्सप्युटर जातीचे प्रोसेसर होते. प्रत्येकाची स्मृती स्वतःची; दुसऱ्याचं काही हवं असेल तर निरोप पाठवून मागायचं. माझ्या आठ कामकऱ्यांना जी शिस्त मी चुकून मोडली, ती तिथे यंत्राच्या घडणीतच होती.

पवईच्या आयआयटीत उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसी कंपायलरवर वर्षानुवर्षं काम केलं, तो आतून समजावून सांगण्यासाठी संसाधन केंद्र चालवलं. डीबगिंग करणाऱ्याने त्या अंगाने कंपायलर थोडा तरी शिकावा. जीडीबीत चलाची किंमत विचारली आणि 'ऑप्टिमाइज्ड आउट' असं उत्तर आलं की नवखा गोंधळतो. कंपायलरने ते चलच काढून टाकलेलं असतं, किंवा त्या ठिकाणी त्याची किंमत कुठे आहे ते लिहिलेलं नसतं. स्क्रिप्ट कितीही जलद असो, कंपायलरने जे लिहिलं नाही ते ती आणणार कुठून?

वेगालाही सीमा आहे. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७मध्येच दाखवलं की कामाचा दहावा हिस्सा एकेरीच करावा लागत असेल, तर कितीही प्रोसेसर लावा, वेग दहापटीपुढे जात नाही. आमच्या कामात तो एकेरी हिस्सा म्हणजे खतावणी. म्हणून मी कामकरी वाढवण्याआधी शेवटच्या जोडणीला किती वेळ लागतो ते मोजते.

आणखी एक गोष्ट मी कटाक्षाने पाळते. 'एक्सआर्ग्ज'च्या हाताखालचं एखादं काम फसलं तर शेवटी 'एक्सआर्ग्ज' सहसा १२३ हा निकाल देतं, पण कोणती फाइल फसली ते त्यावरून कळत नाही. म्हणून माझ्या स्क्रिप्टमधला प्रत्येक कामकरी फसलेल्या फायलीचं नाव आपल्या वहीत लिहून ठेवतो. काल रात्री सगळ्या वह्या जोडल्या तेव्हा तीन नावं निघाली. दोन अर्धवट कॉपी झालेल्या होत्या, त्या पुन्हा आणल्या. तिसरीत बिल्ड-आयडीच नाही. ती कुणी, कोणत्या सोर्सवरून बांधली ते आज विचारायचं आहे.