गोधडीचा गोट

गोधडीची शोभा ठिगळांत असली, तरी तिचे आयुष्य काठावरच अवलंबून असते. कारण घर्षण आणि ओढाताण प्रथम कडेलाच सोसावी लागते. म्हणून गोटासाठी, म्हणजे कडेला बसवायच्या पट्टीसाठी, जुन्या सुती नऊवारीचा घट्ट विणीचा काठ, जरीचा मात्र नव्हे, मी सर्वोत्तम मानतो. नवे सुती कापड लावायचेच झाल्यास ते जरूर आधी धुऊन घ्यावे, एरवी पहिल्याच धुण्यात ते आटते आणि आधीच आटून स्थिरावलेल्या जुन्या कापडाला चुण्या पाडते. गोटाचे माप कडेवर न घेता गोधडीच्या मध्यभागी घ्यावे, कारण हाताळणीने कडा सैलावलेल्या असतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया तर गोधडी कडेकडूनच आत शिवत जातात आणि अखेर चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या रंगीत चिंध्यांची त्रिकोणी ‘फुले’ बसवितात. त्यांवाचून काम पुरे झाले, असे त्या मानीत नाहीत.