खोडी, छळ आणि बघणारी मुलं



आज आपण बोलणार आहोत मुलंच मुलांना जो त्रास देतात त्याबद्दल. शहरात याला बुलिंग म्हणतात, कॉलेजात रॅगिंग म्हणतात. आपल्या गावात याला वेगळं नावच नाही. ‘पोट्टे आहेत, चालायचंच’ एवढं म्हणून आपण पुढच्या कामाला लागतो. पण यातलं काय चालायचं आणि काय चालू द्यायचं नाही, हे आईला ओळखता आलं पाहिजे.

मुलं खोड्या काढतात. एकमेकांना टोपणनावं ठेवतात, भांडतात, संध्याकाळी पुन्हा एकत्र खेळतात. ही मस्ती. मस्तीत आज हा चिडवतो, उद्या तो चिडवतो आणि दोघंही हसतात. छळ वेगळा असतो. नॉर्वे देशात १९८२ साली तीन शाळकरी मुलांनी आपला जीव दिला, तेव्हा तिथल्या सरकारनं पुढच्याच वर्षी देशभर मोहीम घेतली. तिथे काम करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी छळ ओळखायच्या तीन खुणा सांगितल्या. एक, त्रास मुद्दाम दिलेला असतो. दोन, तो पुन्हा पुन्हा होतो. तीन, दोघांचं बळ सारखं नसतं. बळ म्हणजे फक्त अंगातली ताकद नव्हे. वय, पैसा, जात, भाषा, सोबतच्या मित्रांची संख्या, हेही बळच आहे. एकीकडे चौघं आणि दुसरीकडे एकटं लेकरू असेल, तर ते भांडण राहत नाही.

आता आपला भाग डोळ्यांसमोर आणा. राजुरा, कोरपना, जिवती हा सीमेवरचा मुलूख. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. आजही कुणाच्या घरी तेलुगू बोलतात, कुणाच्या घरी गोंडी, कोलामी, बंजारा, तर कोळसा खाणीच्या वसाहतीत हिंदी. शाळा मात्र बहुतेकांची मराठी. समजा, जिवतीच्या डोंगरावरून कोलामी बोलणारी एक मुलगी पाचवीत वसतिगृहात आली. वाचताना तिचा एक शब्द चुकला आणि वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी तोच शब्द तिचं नाव झाला. मग जेवणाच्या रांगेत ढकलणं, तेलाची बाटली लपवणं, ‘हिच्याजवळ कोणी बसायचं नाही’ असं ठरवणं. अंगावर एक ओरखडा नाही, पण दिवाळीच्या सुटीत घरी आलेली ती मुलगी परत जायला तयार होत नाही. आईबापाला वाटतं, हिला शिकायचंच नाही. शाळा सुटण्याची अशीही कारणं असतात आणि ती कोणत्याच नोंदवहीत लिहिली जात नाहीत.

लेकरू तोंडानं सांगत नाही, पण वागण्यातून दिसतं. शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. वही, पेन, कंपास वारंवार हरवते. डबा तसाच परत येतो किंवा घरी आल्यावर मूल भुकेलं असतं, कारण डबा दुसऱ्यानं खाल्लेला असतो. नेहमीची एसटी सोडून उशिराच्या गाडीनं येतं. मोबाइल वाजला की चेहरा उतरतो. झोपेत दचकतं. अशी एखादी खूण दिसली म्हणजे छळच आहे असं नाही, पण विचारायला हवं.

सांगत का नाहीत? कारण सांगितल्यावर आपण काय म्हणतो ते त्यांना पाठ असतं. ‘तूच काहीतरी केलं असशील.’ ‘तू पण दोन ठेवून दे ना!’ ‘शाळा बंद करून टाकते तुझी.’ मुलीला तर या शेवटच्या वाक्याची फार भीती असते. छळ दुसऱ्यानं करायचा आणि शाळा हिची सुटायची, म्हणून ती गप्प राहते. तेव्हा मुलानं तोंड उघडलं तर आधी पूर्ण ऐकून घ्या. ‘बरं केलंस मला सांगितलंस, यात तुझी चूक नाही,’ एवढं म्हणा. पुढं काय करायचं ते त्याला विचारून ठरवा.

आता जरा वेगळ्या बाजूनं बघू. छळणारा आणि छळला जाणारा, या दोघांकडेच आपलं लक्ष जातं. पण तिथे आणखी मुलं असतात. कॅनडातल्या टोरांटो शहरात संशोधकांनी शाळांच्या मैदानावरचे असे प्रसंग कॅमेऱ्यानं टिपले. २००१ साली त्यांनी मांडलेला हिशेब असा : शंभरातल्या ८८ प्रसंगांत दुसरी मुलं हजर होती, पण मध्ये पडली फक्त १९ प्रसंगांत. आणि जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. फक्त दहा सेकंद!

छळणाऱ्याला बघे हवे असतात. त्यांचं हसणं हीच त्याची कमाई. आणि आपण आपल्या शहाण्या मुलांना काय शिकवतो? ‘आपण कुणाच्या अध्यातमध्यात पडायचं नाही.’ आपण हे काळजीपोटी म्हणतो, पण दादागिरी करणाऱ्याला त्याचाच आधार मिळतो. मुलांनी मारामारीत उतरावं असं कुणी म्हणत नाही. हसायचं नाही. चिडवायचं नाव आपण वापरायचं नाही. ‘चल गं, मॅडमनी बोलावलंय’ म्हणून तिला तिथून घेऊन जायचं. जेवताना तिच्या शेजारी बसायचं. आणि मोठ्यांना सांगायचं. मुलांना वाटतं ही चुगली झाली. त्यांना फरक समजावून सांगा : कुणाला अडकवायला सांगितलं तर चुगली, कुणाला सोडवायला सांगितलं तर मदत.

मोबाइलवरच्या छळाचंही तेच. एकानं फोटोवर घाण काहीतरी लिहून ग्रुपवर टाकलं, तर पुढे पाठवणारे बाकीचेच असतात. आपल्या मुलाला सांगा, तुझ्या फोनवरून ते पुढे जाता कामा नये. छळ होणाऱ्यानं मात्र रागानं ते पुसून टाकू नये. स्क्रीनशॉट काढून ठेवावा, तो पुरावा आहे.

आपलंच मूल छळणारं निघालं तर? झाकू नका आणि बदडूही नका. मारानं ते एवढंच शिकेल की बळ असेल त्यानं हात उचलावा. काय केलंस ते त्याच्या तोंडून वदवून घ्या, घेतलेली वस्तू परत करायला लावा. आणि घरात आपण कुणाला कोणत्या नावानं हाक मारतो, कुणाच्या जातीवर, रंगावर, बोलीवर हसतो, तेही बघा. शब्द मुलं घरूनच नेतात.

मोठ्यांनी ऐकून सोडून दिलं तर गोष्ट कुठवर जाते, हे महाराष्ट्रानं २०१९ साली पाहिलं. जळगावकडची आदिवासी डॉक्टर पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात पुढचं शिक्षण घेत होती. तीन वरिष्ठ डॉक्टर जातीवरून छळ करत होत्या, असा आरोप आहे. तिनं हे घरी सांगितलं होतं आणि विभागातही कानावर घातलं होतं, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं आहे. २२ मे रोजी तिनं जीव दिला. प्रकरण न्यायालयात गेलं, त्यात ॲट्रॉसिटीसोबत रॅगिंगविरोधी कायद्याचं कलमही लागलं.

हा महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. तो शिक्षणसंस्थेला लागू आहे, तिच्या वसतिगृहालाही. शारीरिक इजा तर सोडाच, ज्यानं विद्यार्थ्याला भीती किंवा लाज वाटेल असं चिडवणं, धमकावणंही त्यात येतं. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक, कुणीही लेखी तक्रार केली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची असते. त्यानं टाळाटाळ केली तर तोही दोषी धरला जातो. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण प्रत्येक गोष्ट पोलिसांत न्यायची नसते. बहुतेक वेळा शाळेनं वेळेवर लक्ष घातलं तरी पुरतं.

त्यासाठी आधी वहीत लिहा : कोणता दिवस, कोणती जागा, कोण होतं, काय झालं. मग वर्गशिक्षकांना भेटा. फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दोघा मुलांना समोरासमोर उभं करून ‘हात मिळवा’ म्हणणं पुरेसं नाही, कारण दुबळं मूल तिथे होच म्हणतं आणि बाहेर पुन्हा मार खातं. मधल्या सुटीत, संडासाकडे, बसथांब्यावर, वसतिगृहात रात्री कोण लक्ष ठेवणार, हे विचारा. नॉर्वेतल्या बर्गन शहरात सुमारे अडीच हजार मुलांमध्ये असंच काम झालं : सुटीत मोठ्यांची देखरेख, प्रत्येक वर्गाचे नियम, पालकांशी बोलणं. दोन वर्षांत छळ जवळपास निम्म्यावर आला.

आणि हे एकट्या आईचं काम नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा ठेवला आहे आणि निम्म्या जागा महिलांच्या आहेत. २०२२ पासून शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी, त्यात अंगणवाडी सेविका आणि महिला पालकही असतात. आपल्या शाळेत ती आहे का, शेवटची कधी बसली, तक्रारपेटी कोण उघडतं, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. मुलाला तातडीची मदत लागली तर १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर रात्रंदिवस चालू आहे, फोन फुकट लागतो, मूल स्वतःही करू शकतं. मूल फार खचलं असेल, मरणाचं बोलत असेल, तर त्याला एकटं ठेवू नका. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मोफत सल्ला मिळतो.

गटाच्या येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं घरी मुलांना एकच प्रश्न विचारून यायचं : ‘तुझ्या वर्गात एकटं कोण बसतं?’ ‘तुला कोण त्रास देतं?’ याला मुलं उत्तर देत नाहीत, पण या प्रश्नाला देतात. बैठकीत दोनतीन घरांतून एकाच लेकराचं नाव आलं, तर ते चारचौघांत फिरवू नका. दोघीतिघींनी मिळून त्याच्या आईला भेटा आणि तिच्यासोबत शाळेत जा. एकटी आई मुख्याध्यापकांच्या दारात उभी राहायला कचरते. तुम्ही सोबत असाल तर ती आत जाऊन बोलेल.