आरंभीची अमेरिकन व्यक्तिचित्रे आणि पेशव्यांचे पुणे

आज वळसंगसारख्या गावातही घराघरांतून दिवंगत वडीलधाऱ्यांची तसबीर भिंतीवर आढळते. छायाचित्रणकलेच्या उदयापूर्वी हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येई. आणि ते कोणाच्या वाट्याला यावे, हे त्या त्या समाजाच्या घडणीवर अवलंबून असे.

अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींत चित्रकाराला पोसणारा दरबार नव्हता. बोस्टनचा जॉन सिंगल्टन कॉप्ले याला व्यापारी, धर्मोपदेशक अशा नागरिकांच्या मागणीवरच उपजीविका करावी लागे. त्याने १७६८ मध्ये रंगविलेले पॉल रिव्हिअरचे चित्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे. रिव्हिअर चांदीकाम करणारा कारागीर. तो साध्या सदऱ्यावर, हाती स्वतः घडविलेली चहादाणी घेऊन बसला आहे. शेजारी हत्यारे पडली आहेत. श्रमाची लाज नाही, उलट तीच ओळख!

पुण्याचे चित्र निराळे. स्कॉटलंडचा जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईस आला व कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पुढील वर्षी पुण्यास पोहोचला. त्याच्यापुढे बसले ते सवाई माधवराव, नाना फडणीस आणि महादजी शिंदे. श्रीमंत व नाना यांचे एकत्रित तैलचित्र १७९२ चे. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रही आहे. तीनच वर्षांनी, २७ ऑक्टोबर १७९५ रोजी, एकविसाव्या वर्षी श्रीमंतांचा अंत झाला. वेल्सही त्याच वर्षी वारला. ही गाठ पडली नसती, तर त्या तरुण पेशव्याच्या मुद्रेविषयी आपली कल्पना किती तोकडी राहिली असती!

मात्र मॅलेटच्या आश्रयाने काम करणारा एक पुणेकर चित्रकारही होता, गंगाराम चिंतामण तांबट. वेरूळच्या लेण्यांप्रमाणेच पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडाही त्याने रेखाटला. आडनावात कारागिरी वागविणाऱ्या या माणसाला हाती हत्यार घेऊन चित्रासाठी बसविणारा कोणी कॉप्ले पुण्यात नव्हता. त्याची रेखाटने आज अमेरिकेतच, न्यू हेवन येथील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत. आरंभीच्या अमेरिकन चित्रांचे प्रदर्शन आपल्याकडे कधी भरलेच, तर रिव्हिअरच्या शेजारी गंगारामच्या गेंड्याची एक उत्तम प्रतिकृती तरी मागवून लावावी, अशी आमची सूचना आहे.